लोणार : नाव, दंतकथा आणि खडक

१

स्थलनामांच्या अभ्यासात एक अडचण वारंवार येते. नावाचा मूळ अर्थ लोकांच्या विस्मरणात गेला म्हणजे त्या नावासाठी कथा रचली जाते, आणि कालांतराने ती कथाच नावाचे मूळ म्हणून सांगितली जाते. कार्य आणि कारण यांची अशी अदलाबदल झाली की पुढील अभ्यासकास दोन्ही गोष्टी एकमेकींपासून सोडवून घेण्यातच बराच श्रम करावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे या अडचणीचे बोलके उदाहरण होय.

लोणारच्या बाबतीत ही अडचण दुहेरी झाली आहे. गावाच्या नावाशी लवणासुराची कथा फार पूर्वीच जोडली गेली. तेथील सरोवर उल्कापाताने निर्माण झाले आहे हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाल्यानंतर त्या कथेला एक नवा अर्थ देण्यात येऊ लागला. लवणासुराचा वध म्हणजे प्रत्यक्ष उल्कापाताचीच लोकांनी जपलेली स्मृती होय, असे प्रतिपादन आता प्रवासवर्णनांतून, माहितीपुस्तिकांतून आणि क्वचित विद्यार्थ्यांच्या निबंधांतूनही आढळते. हे प्रतिपादन मोहक आहे. आपल्या पूर्वजांनी एवढी मोठी घटना पाहिली आणि कथारूपाने जपून ठेवली, ही कल्पना कोणाला आवडणार नाही? परंतु विधान आवडते म्हणून ते प्रमाण ठरत नाही. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाची तपासणी करावयाची असून, नाव, दंतकथा, ग्रंथातील उल्लेख आणि खडक या साक्षींचे अधिकारक्षेत्र कोठपर्यंत पोचते हे पाहावयाचे आहे. लेखाच्या शेवटी निघणारा निष्कर्ष आधीच सांगावयाचा तर तो असा : लोणारच्या नावात आणि कथेत आकाशातून पडलेल्या अशनीची आठवण नाही, तेथे आठवण आहे ती खार काढणाऱ्या माणसांच्या व्यवसायाची, आणि ती आठवण आपण आज गमावीत आहोत.

२

प्रथम स्थळाचा परिचय करून घेणे अवश्य आहे. लोणार हे मेहकरच्या दक्षिणेस, वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवर वसलेले गाव. गावाला लागूनच जवळजवळ वर्तुळाकार असे विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १४० मीटर. विवराचा काठ सभोवतालच्या सपाट प्रदेशाहून सुमारे २० मीटर उंच उचललेला असल्यामुळे, दुरून येणाऱ्यास लहानशा टेकड्यांची रांग दिसते. आत एवढा मोठा खळगा असेल अशी शंकाही येत नाही. तळाशी उथळ सरोवर असून त्याचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे.

काठावरून सरोवरापर्यंत उतरणारी पायवाट अर्ध्या-पाऊण तासाची आहे. गावाच्या बाजूने निघाल्यास प्रथम धार लागते. गोमुखातून बारा महिने वाहणारा हा गोड्या पाण्याचा झरा असून त्याच्या आसपास कुमारेश्वर, यज्ञेश्वर इत्यादी मंदिरे आणि सीतान्हाणी हे स्थान आहे. येथून वाट झाडीतून खाली जाते. वाटेच्या कडेला बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले दिसतात. दोन थरांमध्ये अधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. दख्खनच्या लाव्हाचे हे निरनिराळे प्रवाह होत. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या या भूरचनेवरूनच स्वीडिश भाषेतील ‘त्राप्पा’ म्हणजे जिना या शब्दापासून ‘ट्रॅप’ ही संज्ञा भूशास्त्रात रूढ झाली, हे विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेलच.

परंतु लोणारच्या काठावर हे थर इतरत्र असतात तसे आडवे नाहीत. ते विवराच्या बाहेरच्या दिशेने कललेले आहेत, आणि काही ठिकाणी तर पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटलेले आहेत. त्यांच्यावर आणि विवराबाहेरच्या शेतांतून, फुटलेल्या दगडांचे लहानमोठे तुकडे भुग्यात घट्ट बसून झालेला संमिश्र खडक पसरला आहे. त्या भुग्यात वितळून थिजलेल्या काचेसारखे कणही सापडतात. झऱ्याच्या ओढ्याने खाली वाहून आणलेल्या गाळाचा पंख्याच्या आकाराचा सपाट भाग ओलांडला की रामगया मंदिर लागते, आणि पुढे काठाकाठाने गेल्यास कमळजादेवीचे मंदिर. झाडी येथे एकाएकी संपते. पाण्याच्या कडेला खारवट चिखलाचा उघडा पट्टा आहे आणि पाणी ओसरले की त्यावर पांढरा थर धरतो. हा पांढरा थरच लोणारच्या नावाचे आणि इतिहासाचे मूळ होय.

३

‘लोणार’ या नावातील पूर्वपदाविषयी मतभेदास जागा नाही. संस्कृत लवण, पाली व प्राकृत लोण, हा विकास सर्वज्ञात आहे. मराठीत ‘लोण’ हा मीठ या अर्थाचा स्वतंत्र शब्द आज व्यवहारात राहिलेला नाही. त्याची जागा ‘मीठ’ या शब्दाने घेतली. मूळचा ‘रुचकर, गोड’ अशा अर्थाचा शब्द क्षाराला लावला गेला, हे मराठीच्या अर्थपरिवर्तनातील एक लक्षणीय उदाहरण आहे. ‘लोण’ उरला तो जोडशब्दांतून आणि साधित शब्दांतून. ‘लोणचे’, दृष्ट काढताना उतरावयाचे ‘निंबलोण’, आणि ‘अलवण’ यापासून झालेला ‘अळणी’ हे त्याचे अवशेष. यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. ज्या काळी ‘लोण’ हा लोकांच्या तोंडचा जिवंत शब्द होता, त्या काळी हे नाव पडलेले असले पाहिजे. ‘मीठ’ रूढ झाल्यानंतर नाव पडते तर ते निराळे पडले असते; कोकणातील ‘मिठागर’ हा शब्द याची साक्ष देतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे योग्य होईल. ‘लोण’ या ध्वनीने आरंभ होणारे प्रत्येक स्थलनाम लवणाशी जोडता येत नाही. नवनीतापासून झालेले ‘लोणी’ निराळे, आणि लोणावळ्याचा संबंध तर सामान्यतः लेण्यांशी जोडला जातो. लोणारच्या बाबतीत लवणाचा अर्थ स्वीकारावयाचा तो केवळ ध्वनिसाम्यामुळे नव्हे, तर प्रत्यक्ष स्थळी क्षार विपुल आहे म्हणून. स्थलनामाच्या व्युत्पत्तीत ध्वनिनियमांइतकेच भूमीचे प्रमाण महत्त्वाचे असते.

खरा प्रश्न उत्तरपदाचा आहे. ‘-आर’ या अंत्य भागाची उपपत्ती तीन प्रकारांनी लागू शकते : लवणकार, लवणाकर आणि लवणागार. शब्दमध्यस्थ असंयुक्त क आणि ग यांचा प्राकृतात लोप होतो, आणि मागाहून जवळ आलेल्या स्वरांचा संधी होतो; त्यामुळे तिन्ही शब्दांची परिणती ‘लोणार’ अशीच होईल. कुंभकार–कुंभार, सुवर्णकार–सोनार, लोहकार–लोहार ही पहिल्या प्रकारची उदाहरणे. कोष्ठागार–कोठार आणि भांडागार–भांडार ही तिसऱ्या प्रकारची. पहिली व्युत्पत्ती घेतली तर ‘लोणार’ म्हणजे मीठ करणारा. दुसरी किंवा तिसरी घेतली तर मिठाची खाण अथवा मिठाचे कोठार. केवळ ध्वनिनियमांच्या आधारे या तिन्हींत निवड करता येत नाही.

निवड करण्यास मराठीतीलच एक शब्द साहाय्यभूत होतो. तो शब्द म्हणजे ‘लोणारी’. चुना व कोळसा भाजणारा हा त्याचा नंतरचा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याचे मूळ लवणाच्या व्यवसायात आहे याविषयी शंका नाही. आता या शब्दाची घडण पाहावी. ‘-कार’पासून झालेली जी व्यवसायनामे आहेत, ती ‘-आर’ एवढ्यावरच थांबतात : सोनार, लोहार, कुंभार, चांभार. त्यांना व्यवसायदर्शक ‘-ई’ प्रत्यय लागत नाही. लागण्याचे कारणही नाही, कारण कर्तृवाचक अर्थ शब्दातच आहे. याच्या उलट, स्थानवाचक शब्दांपासून व्यवसायनाम बनवावयाचे तर ‘-ई’ची आवश्यकता पडते : कोठारावरून कोठारी, भांडारावरून भांडारी, आणि कोकणात आगरावरून आगरी. ‘लोणारी’ हा शब्द उघडच या दुसऱ्या मालिकेतील आहे. तेव्हा ‘लोणार’ हे आधी स्थानाचे नाव, आणि त्या स्थानी काम करणारा तो ‘लोणारी’, असा क्रम मानणे प्राप्त होते.

आणखी एक आधार स्थलनामांच्या सामान्य रीतीतून मिळतो. व्यवसायावरून गावाचे नाव पडते तेव्हा बहुधा व्यवसायनामाला गाव, वाडी यांसारखे पद किंवा एखादा प्रत्यय जोडला जातो. कुंभारगाव, कुंभारी, लोहारा ही नावे पाहावीत. पाली वाङ्मयात कौशांबीजवळच्या ‘बालकलोणकारगाम’ या स्थळाचा उल्लेख आहे, आणि तेथेही ‘लोणकार’ या व्यवसायनामापुढे ‘गाम’ हे पद आहेच. नुसत्या कर्तृवाचक शब्दाने गाव ओळखले जाणे विरळ. लोणारला असे कोणतेही पद नाही. याचाही कल स्थानवाचक अर्थाकडेच आहे. लवणाकर आणि लवणागार या दोहोंत कोणते मूळ मानावे हा प्रश्न उरतो. पण त्याने अर्थात फारसा फरक पडत नाही. लोणार म्हणजे लवणाचे ठिकाण, मीठ-खार निघण्याची जागा. कोकणातल्या मिठागराचा हा वऱ्हाडी भाऊबंद होय. वऱ्हाडी बोलीत ‘ण’चा ‘न’ होत असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतून ‘लोनार’ असा उच्चार होतो. त्याचा व्युत्पत्तीशी संबंध नाही, हेही येथे नमूद करावे.

४

आता दंतकथा पाहू. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी तिची नोंद केली आहे, आणि गावात ती आजही सांगितली जाते. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखालच्या विवरात राहून आसपासच्या लोकांना पीडा देत असे. देवांच्या विनंतीवरून विष्णूने दैत्यसूदन नावाच्या सुंदर तरुणाचे रूप घेतले. दैत्याच्या दोन बहिणी त्याच्यावर मोहित झाल्या आणि त्यांनी भावाची गुप्त जागा दाखविली. विष्णूने पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडविले, आत निजलेला दैत्य दिसला, आणि युद्धात तो मारला गेला. उडालेले झाकण दूर नैर्ऋत्येस ढाकेफळ गावाजवळ जाऊन पडले. तेथली टेकडी म्हणजे तेच झाकण. सरोवराचे पाणी हे दैत्याचे रक्त आणि त्यातील खार हे त्याचे मांस.

या कथेत नावांचे कार्य किती आहे ते लक्षात घ्यावे. लवण नावाचा असुर रामायणाच्या उत्तरकांडात आहे. परंतु तो मधूचा पुत्र, त्याचे ठिकाण मथुरेकडील मधुवन, आणि त्याचा वध करणारा शत्रुघ्न. लोणारच्या कथेतील वध विष्णू करतो, आणि ठिकाण वऱ्हाडातले. दोन्ही कथांत नावाखेरीज समान असे काहीच नाही. गावातील प्रसिद्ध मंदिराच्या देवाचे नाव दैत्यसूदन आहे. हे विशेषण कोणत्याही दैत्याच्या वधास लागू पडते; त्यात लवणाचा निर्देश नाही. तेव्हा घडले असावे ते असे : गावात दैत्यसूदन देव होता, दैत्य कोणता, हा प्रश्न भाविकांपुढे होता, आणि गावाचे नाव लोणार होते. ‘लोण’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ मावळला असला, तरी सरोवराचे खारेपण डोळ्यांपुढे होतेच. पुराणपरिचित लवण हे नाव त्या जागी सहज येऊन बसले.

ढाकेफळाची योजनाही अशीच दिसते. ‘ढाकणे’ म्हणजे झाकणे. गावाच्या नावातील पहिल्या दोन अक्षरांत हा अर्थ ऐकू येतो. त्या नावाची खरी व्युत्पत्ती निराळीही असू शकेल; कथाकाराला मात्र ध्वनी पुरेसा होता. म्हणजे कथेच्या आरंभी एक स्थलनाम आहे आणि शेवटी दुसरे, आणि मधली घटना या दोन नावांच्या मध्ये ताणून बसविलेली आहे. नाव आधी, कथा नंतर, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

५

ग्रंथांतील साक्ष या क्रमाशी सुसंगत आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणार येथील लीळा आहेत, आणि स्थानपोथीने त्यांच्या वास्तव्याची स्थाने नोंदविली आहेत. तेराव्या शतकात लोणार हे मंदिरे असलेले, वर्दळीचे ठिकाण होते हे यावरून कळते. दैत्यसूदन मंदिराचे स्थापत्यही साधारणपणे त्याच सुमाराचे. परंतु भौतिक वर्णनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरची आहे. ती अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात येते.

अबुल फजल लोणारला मेहकरच्या सरकारात घालतो आणि ब्राह्मण त्यास ‘बिशन गया’ म्हणतात असे सांगतो. बिशन म्हणजे विष्णू हे उघड आहे. पितरांच्या उद्धारासाठी असलेल्या तीन गयांपैकी ही एक. विवरात आजही उभे असलेले रामगया मंदिर पाहिले म्हणजे ही परंपरा किती चिवट आहे याची कल्पना येते. पुढे तो एक कोस लांब, एक कोस रुंद आणि उंच डोंगरांनी वेढलेल्या जलाशयाचे वर्णन करतो. पाणी खारे, पण मध्यभागी व कडेला घेतल्यास गोड, असे तो लिहितो. काच व साबण यांसाठी लागणारे द्रव्य तेथे मिळते, सोरा निघतो, आणि त्यापासून सरकारला चांगले उत्पन्न होते, हीही नोंद आहे. डोंगरावरच्या झऱ्याच्या मुखाशी बैलाची आकृती कोरलेली आहे, आणि अमावास्या सोमवारी आली की त्याचे पाणी मोठ्या जलाशयात उतरते, असे तो ऐकीव माहितीवरून सांगतो.

या वृत्तान्ताचे मोल दोन प्रकारचे आहे. एक तर त्यातील बहुतेक तपशील पायवाटेवर आजही पडताळून पाहता येतो. बैलाची आकृती म्हणजे धारेचे गोमुख. खाऱ्या पाण्यात गोडे पाणी असल्याची गोष्ट कमळजादेवीच्या परिसरातील ‘सासू-सुनेची विहीर’ या नावात टिकली आहे. तिचे एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारट, अशी समजूत आहे. भूमीतून पाझरणारे गोडे पाणी आणि सरोवराचे खारे पाणी यांच्या सान्निध्याचे हे निरीक्षण, एकदा फारसी दप्तरात आणि एकदा मराठी घरगुती विनोदात, स्वतंत्रपणे नोंदले गेले आहे. दुसरे असे की, अबुल फजलच्या वृत्तान्तात तीर्थाचे माहात्म्य आणि खाराचे उत्पन्न एकाच ओघात येतात. महसुली व्यवस्थेच्या दृष्टीने लोणार हे प्रथम खाराचे आगर होते. नावाच्या व्युत्पत्तीने जो अर्थ दिला, त्याला दप्तराने दुजोरा दिला आहे.

६

राहिली खडकांची साक्ष. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी १८२३ मध्ये लोणारला आला, आणि तेव्हापासून युरोपीय निरीक्षकांनी या विवराच्या उत्पत्तीविषयी तर्क केले. भोवतालचा सर्व प्रदेश ज्वालामुखीच्या खडकाचा असल्यामुळे हे विवर ज्वालामुखीचेच असणार, हा तर्क साहजिक होता. कोणी ते ज्वालामुखीचे मुख मानले, कोणी वायू व वाफ यांच्या स्फोटाचा परिणाम मानला, तर कोणी भूमी खचून ते झाले असे म्हटले. १८९६ मध्ये जी. के. गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अ‍ॅरिझोनातील प्रसिद्ध विवराची चर्चा करताना लोणारशी त्याचे साम्य दाखविले. त्याची तुलना बिनचूक होती. पण अ‍ॅरिझोनाच्या विवराचे कारण त्याने वाफेचा स्फोट हेच मानले. पुढे ती दोन्ही विवरे उल्कापाताची ठरली. साम्य बरोबर ओळखूनही कारण चुकू शकते, हा धडा तौलनिक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यासही उपयोगी आहे.

१९६४ मध्ये लाफॉन्ड आणि डीट्झ यांनी लोणार हे अशनीच्या आघाताचे विवर असावे असे मत मांडले. निर्णायक पुरावा आला तो १९७३ मध्ये. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी, सरोवराच्या तळाशी घेतलेल्या छिद्रांतून मिळालेल्या नमुन्यांच्या आधारे, खडकात मॅस्केलिनाइट असल्याचे दाखविले. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड आघाताचा दाब बसला म्हणजे ते वितळल्यावाचूनच काचेसारखे होते. त्यास मॅस्केलिनाइट म्हणतात. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तो १८६५ मध्ये बिहारात शेरघाटी येथे पडलेल्या उल्काश्मात. ज्वालामुखीचा दाब असा पदार्थ निर्माण करू शकत नाही. उलटलेले थर, फुटलेल्या दगडांचा संमिश्र खडक, काचेचे कण, या वाटेवरच्या सर्व विचित्र गोष्टींचा उलगडा त्यामुळे एकाच कारणाने झाला. बेसाल्ट खडकात झालेली अशी सुस्थितीतील विवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ आहेत. चंद्राच्या पृष्ठभागावरही बेसाल्टचे विस्तृत प्रदेश असल्यामुळे, तेथील विवरांच्या अभ्यासासाठी लोणारचे महत्त्व विशेष मानले जाते.

विवराच्या वयाविषयी मात्र मतांत मोठे अंतर पडले. ज्या लाव्हाच्या थरांत ते झाले, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आघाताचा काळ तापदीप्तीच्या पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला होता. २०११ मध्ये जूर्दां आणि त्यांचे सहकारी यांनी आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने तो सुमारे ५,७०,००० वर्षांपूर्वीचा असल्याचे दाखविले.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लवणासुराच्या कथेत उल्कापाताची स्मृती आहे काय?

कालगणनेचा विचार केला तर उत्तर सरळ आहे. विवर पाच-सहा लक्ष वर्षांचे असेल, तर त्या वेळी आजचा मानववंशच अस्तित्वात आलेला नव्हता; मग स्मृती कोणाची आणि कोणत्या भाषेतील? परंतु वादासाठी ५२,००० वर्षांचा आकडा घेतला तरीही अडचण दूर होत नाही. महाराष्ट्रातील लेखनिविष्ट प्राकृताचा पुरावा दोन हजार वर्षांपलीकडे फारसा जात नाही, आणि कथेचे सर्व सांधे, म्हणजे लवण, दैत्यसूदन, ढाकेफळ, हे भारतीय आर्यभाषेतील शब्दांवर उभे आहेत. एखादी कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरू शकते, हे मान्य. पण येथे कथेचा सांगाडाच नावांचा आहे. नावे काढून घेतली तर कथा उरत नाही.

कालगणनेहूनही अधिक बोलका पुरावा कथेच्या आशयात आहे. उल्कापात पाहणाऱ्याच्या मनावर काय ठसेल? आकाशातून येणारा प्रकाश, भयंकर ध्वनी, अग्नी, धूळ, वरून खाली आदळणे. लोणारच्या कथेत यांपैकी काहीही नाही. तेथे गती उलट आहे. संकट भूमीखाली आहे. झाकण खालून वर उडते आणि दूर जाऊन पडते. सोंगट्यांप्रमाणे दोन-तीन घटक इकडचे तिकडे करून ‘विष्णू म्हणजे अशनी, अंगठा म्हणजे आघात’ असे समीकरण मांडता येईल. पण अशा रीतीने कोणत्याही कथेतून कोणतीही घटना काढून दाखविता येते, आणि जी पद्धत सर्वच सिद्ध करते ती काहीच सिद्ध करीत नाही.

कथेचे उत्तर ज्या प्रश्नांना आहे, ते प्रश्न काठावर उभे राहणाऱ्या कोणासही पडणारे आहेत. खळगा इतका गोल का? पाणी खारे का? काठावर पांढरा खार का धरतो? झाकण, रक्त आणि मांस ही त्यांची उत्तरे होत. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे आढळले. पाणी आटून क्षारता वाढली म्हणजे असे घडू शकते. पूर्वीही उन्हाळ्यांत असा रंग लोकांनी पाहिला असेल, तर ‘दैत्याचे रक्त’ या कल्पनेला प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार असणे संभवते. हा केवळ तर्क आहे. तथापि लोककथा कशा प्रकारचे अनुभव जपते, ते यावरून ध्यानात येईल. पुनःपुन्हा दिसणारी, पिढ्यान्‌पिढ्या पडताळता येणारी गोष्ट ती जपते. लक्षावधी वर्षांपूर्वी एकदाच घडलेल्या घटनेची साक्ष तिच्याकडून मागणे म्हणजे साक्षीदाराला त्याने न पाहिलेल्या गोष्टीविषयी विचारणे होय. ती साक्ष देण्याचा अधिकार खडकांचा आहे, आणि त्यांनी ती दिलेली आहे.

८

दंतकथेला विज्ञानाचे वस्त्र चढविण्याने एक हानी होते, आणि तिचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. उल्केच्या तेजापुढे नावातील खरी माहिती झाकली जाते. लोणार हे नाव श्रमाचे नाव आहे. सरोवराच्या पाण्यातून आणि चिखलातून खार काढणारी, तो वाळवून, निवडून, वाहून वर आणणारी माणसे त्या नावामागे उभी आहेत. आज देवदर्शनाला किंवा अभ्यासाला आपण ज्या उतारांवरून चालतो, त्याच उतारांवरून खाराचे ओझेही चढत असे.

या माणसांनी आपली परिभाषा घडविली होती. खाराचे प्रकार त्यांनी रूपावरून ओळखले आणि त्यांना नावे दिली. इंग्रजी अमदानीतील नोंदींत दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे येतात. या लहानशा यादीतही भाषेचे थर खडकाच्या थरांसारखे एकावर एक दिसतात. पाणी ओसरल्यावर धरणारा पातळ पापुद्रा तो ‘पापडी’, संस्कृत पर्पटापासून आलेल्या ‘पापड’ शब्दाचा सगोत्र. भुशासारखी भुकटी ती ‘भुस्की’. ‘दल्ला’ हा हिंदुस्थानीतील ‘डला’ म्हणजे ढेकूळ या शब्दाचा जवळचा नातलग दिसतो, आणि ‘निमक’ तर उघडच फारसी. गावाच्या नावात प्राकृत लोण, व्यवहारात संस्कृत क्षारापासून आलेला खार, बाजारात फारसी निमक आणि घरात मराठी मीठ : एकाच पांढऱ्या द्रव्याला लागलेले हे चार शब्द म्हणजे वऱ्हाडच्या भाषिक इतिहासाचा छेदच होय. शिवाय ‘लवण’ आणि ‘क्षार’ यांतील भेदही व्यवहाराने सांभाळला. गावाचे नाव लवणाचे असले तरी येथील द्रव्यात कर्बयुक्त क्षारांचा वाटा मोठा, म्हणून ते काच व साबण यांच्या उपयोगी पडले. आणि लोकांनी त्यास मीठ न म्हणता खारच म्हटले.

आज सरोवरातून खार काढण्याचा धंदा चालत नाही. विवराचा परिसर अभयारण्य आहे, आणि २०२० च्या नोव्हेंबरात सरोवराचा समावेश रामसर यादीतील पाणथळ स्थळांत झाला. स्थळाच्या रक्षणासाठी हे इष्टच झाले. परंतु धंदा संपला की त्याची भाषा एका-दोन पिढ्यांत नाहीशी होते, हा नियम आपण इतर व्यवसायांच्या बाबतीत पाहिलेला आहे. खडकांचे नमुने प्रयोगशाळांत सुरक्षित आहेत. मंदिरांची मोजमापे झालेली आहेत. पाण्याचे पृथक्करण वारंवार होते. शब्दांचे संकलन मात्र गॅझेटियरांतील पाच-सहा नावांपुढे फारसे गेलेले दिसत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास बोलीभाषेच्या अभ्यासासाठी क्षेत्र हवे असेल, तर लोणार आणि आसपासची गावे त्यांनी विचारात घ्यावीत. खार काढण्याच्या क्रिया, हत्यारे, मापे, ओझी, चिखलाचे आणि पाण्याचे प्रकार, वाऱ्याची व ऋतूंची नावे, पायवाटेवरच्या लहानसहान जागांची नावे, यांविषयी वृद्धांना विचारून जे मिळेल ते उच्चारासह टिपून घ्यावे. विवराचे वय ठरविण्यास आणखी काही वर्षे लागली तरी खडक जागेवरच राहणार आहेत. शब्दांना तेवढी सवड नाही.